बालवर्गातला भावनांचा धडा कोणी शिकवायचा?

अक्षरे आणि अंक यांच्या पलीकडे मुलाचे मन घडवण्याची जबाबदारी शैक्षणिक धोरणाने आता बालवर्गावर सोपवली आहे. परंतु हे काम ज्यांच्या हातून व्हायचे, त्या सेविका आणि शिक्षिका यांचा विचार झाल्याखेरीज ती जबाबदारी कागदावरच राहील.

जानेवारी २०२० मध्ये प्रसिद्ध झालेला ‘असर’ सर्वेक्षणाचा अहवाल नेहमीपेक्षा वेगळा होता. ‘प्रथम’ संस्थेचे हे सर्वेक्षण एरवी मुलांना दुसरीचा धडा वाचता येतो का, भागाकार जमतो का, हे पाहते. या वेळी मात्र चार ते आठ वर्षे वयाची मुले त्याच्या केंद्रस्थानी होती. त्यासाठी २४ राज्यांतील २६ जिल्हे निवडण्यात आले आणि महाराष्ट्रातून निवडलेला एकमेव जिल्हा होता नागपूर. ३६ हजारांहून अधिक मुलांकडून वस्तूंचे वर्गीकरण, मोजणी, गोष्ट ऐकून उत्तरे देणे अशी कामे करवून घेण्यात आलीच. शिवाय आनंद, दुःख, राग आणि भीती दाखवणारे चेहरे समोर ठेवून त्या भावना ओळखायलाही सांगण्यात आले. नागपूर जिल्ह्यातल्या खेड्यांत कोणीतरी चार वर्षांच्या मुलासमोर बसून ‘याला काय वाटत असेल?’ असे विचारले, ही गोष्ट वाटते तेवढी साधी नव्हती. बालकाच्या भावना हादेखील शिक्षणाचा विषय आहे, याची ती जाहीर कबुली होती.

त्यानंतर दोनच महिन्यांनी, मार्च २०२० मध्ये, अंगणवाड्या आणि बालवर्गांना कुलूप लागले. त्या वेळी तीन-चार वर्षांची असलेली मुले समवयस्कांच्या सहवासाचा सर्वांत महत्त्वाचा काळ घराच्या चार भिंतींत काढून थेट पहिलीच्या वर्गात येऊन बसली. २०२१ च्या दुसऱ्या लाटेत नागपूर हे राज्यातील सर्वाधिक होरपळलेल्या शहरांपैकी एक होते. कित्येक घरांतून माणसे गेली आणि उरलेल्यांची धास्ती मुलांनी न बोलता पाहिली. रांगेत थांबणे, दुसऱ्याचे खेळणे परत देणे, आईचा हात सोडून अनोळखी बाईंजवळ बसणे या गोष्टी मुलाला आपोआप येत नाहीत, त्या शिकाव्या लागतात, हे त्या दोन वर्षांनी सर्वांना दाखवून दिले.

राज्य शासनाने याची दखल घेतली नाही असे म्हणता येणार नाही. २०२२ पासून ‘पहिले पाऊल’ या नावाने शाळापूर्व तयारी मेळावे सुरू झाले. पहिलीत येणाऱ्या मुलासाठी शाळेच्या आवारात निरनिराळी टेबले मांडली जातात. एका टेबलावर शारीरिक विकास, दुसऱ्यावर बौद्धिक विकास आणि एका टेबलावर ‘सामाजिक व भावनात्मक विकास’ अशी पाटी असते. तत्पूर्वी २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने तीन ते आठ वर्षे हा सलग ‘पायाभूत स्तर’ मानला. ऑक्टोबर २०२२ मध्ये आलेल्या राष्ट्रीय अभ्यासक्रम आराखड्याने भावना समजणे आणि सांभाळणे हे या स्तराचे स्वतंत्र उद्दिष्ट ठरवले. राज्याचा पायाभूत स्तराचा आराखडाही २०२४ मध्ये आला. म्हणजे काय करायचे, हे लिहून झाले आहे. प्रश्न आहे तो ते कोण करणार, किती मुलांसोबत आणि किती वेळ, हा.

सामाजिक-भावनिक शिक्षण हा शब्दप्रयोग जड असला, तरी त्यामागचे काम अत्यंत लौकिक आहे. दोन मुलांत एका ठोकळ्यावरून झोंबाझोंबी होते. बाई धावत येतात, ठोकळा काढून घेतात, दोघांना ‘सॉरी’ म्हणायला लावतात आणि शांतता प्रस्थापित होते. मुलांनी यातून काय शिकले? जो मोठा आहे तो वस्तू हिसकावून घेऊ शकतो आणि एक शब्द उच्चारला की प्रकरण मिटते, एवढेच. दुसऱ्या वर्गातील ताई दोघांच्या उंचीइतक्या खाली बसतात. एकाला म्हणतात, ‘तुला राग आला, कारण तू घर बांधत होतास.’ दुसऱ्याला म्हणतात, ‘तुलाही तो हवा होता आणि तू वाट पाहून कंटाळलास.’ मग दोघांनाच विचारतात, ‘आता काय करायचे?’ याला पाच मिनिटे लागतात. मारणे चालणार नाही, ही मर्यादा त्याही ठामपणे सांगतात. पण रागावणे चूक आहे असे सांगत नाहीत. भावनेला नाव देणे, ती शमेपर्यंत मोठ्या माणसाने शांतपणे जवळ असणे आणि तोडगा मुलांकडून काढून घेणे, या तीन पायऱ्या शेकडो वेळा घडाव्या लागतात, तेव्हा कुठे पाच वर्षांचे मूल त्यातली एखादी स्वतःहून चढते.

हे काम तासिकेत बसत नाही. ते सकाळच्या स्वागतात असते, डबा खाताना असते, पाण्याच्या रांगेत, चप्पल जागेवर ठेवण्यात आणि घरी जाण्याच्या घाईत असते. गोल करून बसल्यावर प्रत्येकाने आज कसे वाटते ते सांगणे, बाहुलीघरात आई-बाबा होऊन घरातला प्रसंग खेळून पाहणे, गोष्टीतल्या सशाला भीती का वाटली यावर बोलणे ही त्याची साधने आहेत. त्यातील एकाचीही किंमत फार नाही. महाग आहे तो वेळ आणि मोठ्या माणसाचे लक्ष. एका वर्गात चाळीस मुले असतील, तर ठोकळ्यासाठी पाच मिनिटे कोणतीही शिक्षिका देऊ शकत नाही. ती आरडाओरडाच करील, आणि त्यासाठी तिला दोष देण्यात अर्थ नाही.

येथे भाषेचा प्रश्न कळीचा ठरतो. नागपूरच्या वस्त्यांत घरी वऱ्हाडी, हिंदी, छत्तीसगढी, गोंडी बोलणारी मुले शेजारी शेजारी राहतात आणि त्यांतील पुष्कळांना नर्सरीत प्रथमच इंग्रजी कानावर पडते. रंगांची नावे मूल कोणत्याही भाषेत पाठ करू शकते. पण पोटात कालवते तेव्हा त्याला घरचाच शब्द आठवतो. मराठीत या शब्दांची श्रीमंती मोठी आहे. रुसणे म्हणजे निव्वळ रागावणे नव्हे; ज्याच्यावर आपला हक्क आहे त्याच्यावरच रुसता येते. हिरमुसणे, भेदरणे, ओशाळणे, कावराबावरा होणे या प्रत्येक शब्दात मनाची एक निराळी अवस्था नेमकी पकडली आहे. या सगळ्यांऐवजी भिंतीवरचे हसरे आणि रडके असे दोनच चेहरे आणि त्यांची दोन इंग्रजी नावे मुलाच्या हाती दिली, तर त्याचा भावनिक शब्दसंग्रह वाढत नाही, आकसतो. म्हणून पालकांनी इंग्रजी माध्यम निवडले असले, तरी तीन-चार वर्षांच्या मुलाला रडू येईल तेव्हा त्याच्या घरच्या भाषेत त्याला जवळ घेणारे माणूस वर्गात असलेच पाहिजे.

हा सारा विचार परदेशातून आयात झाला आहे, असा आक्षेप अधूनमधून ऐकू येतो. महाराष्ट्राने तरी तो घेऊ नये. ताराबाई मोडक यांनी गिजुभाई बधेका यांच्यासमवेत १९२६ मध्ये नूतन बालशिक्षण संघ उभारला आणि १९४५ मध्ये बोर्डी येथे ग्राम बालशिक्षा केंद्र सुरू केले. पुढे कोसबाड येथे अनुताई वाघ यांच्या साथीने त्यांनी आदिवासी पाड्यांत काम केले. मूल शाळेत येत नसेल, तर शाळेने त्याच्या अंगणात जावे, हा त्यांचा विचार. शिक्षा आणि बक्षीस यांची भीती-लालूच काढून टाकून मुलाला स्वतःच्या हाताने काम करू देणे हे त्यांच्या बालवाडीचे सूत्र होते.

नागपूरकरांना तर त्याहून जवळचे उदाहरण आहे. येथून दोन तासांच्या अंतरावर, सेवाग्राम येथे, गांधीजींच्या नयी तालीमचा विस्तार १९४५ च्या सुमारास सात वर्षांखालील मुलांपर्यंत करण्यात आला आणि शांताबाई नारुळकर यांनी तेथील पूर्व-बुनियादी शिक्षणाची घडी बसवली. अंगण झाडणे, पाणी भरणे, धान्य निवडणे, जेवण वाढणे ही कामे तेथे शिस्तीसाठी नव्हती. वाढणाऱ्या मुलाला सर्वांना पुरेल असे वाढावे लागते आणि शेवटच्याला मिळाले का हे पाहावे लागते. सहकार्याचा याहून प्रत्यक्ष पाठ कोणता असू शकेल? २०२२ च्या राष्ट्रीय आराखड्यात उत्पादक काम आणि सेवा यांविषयी आवड निर्माण करणे हे बालकांसाठीचे उद्दिष्ट म्हणून आले आहे, ते याच परंपरेचे पडसाद आहेत. सेवाग्रामची आनंद निकेतन शाळा २००५ मध्ये पुन्हा सुरू झाली, त्यामुळे हा वारसा केवळ संग्रहालयातला राहिलेला नाही.

परदेशातील अनुभव या परंपरेला पुष्टीच देतो. अमेरिकेतील मिशिगन राज्यात इप्सिलांटी या गावी १९६२ ते १९६७ या काळात गरीब कृष्णवर्णीय कुटुंबांतील १२३ मुलांवर एक प्रयोग झाला. त्यांतील ५८ मुलांना उत्तम बालवाडी मिळाली, उरलेल्यांना मिळाली नाही. बालवाडीतल्या मुलांचा बुद्ध्यांक सुरुवातीला वाढला, पण काही वर्षांत तो फरक पुसला गेला. प्रयोग फसला असे तेव्हा अनेकांना वाटले. मात्र चाळिशीपर्यंत या मुलांचा माग ठेवला, तेव्हा बालवाडीत गेलेल्यांनी अधिक शिक्षण घेतले होते, त्यांची मिळकत अधिक होती आणि गुन्ह्यांसाठी त्यांना कमी वेळा अटक झाली होती. नोबेल पारितोषिकाचे मानकरी अर्थशास्त्रज्ञ जेम्स हेकमन यांनी या आकड्यांचा अभ्यास करून दाखवले की, टिकलेला लाभ मुख्यतः वर्तनाशी निगडित गुणांतून आला होता. आपल्याकडे हा प्रयोग वारंवार उद्धृत होतो, पण त्यातील एक तपशील गाळला जातो. तेथे एका शिक्षिकेकडे पाच-सहा मुले होती आणि ती दर आठवड्याला मुलाच्या घरी जात असे.

‘भावनिक’ या शब्दावर भर देताना ‘सामाजिक’ हा शब्द मागे पडतो, याकडेही लक्ष वेधले पाहिजे. मुलाने दुसऱ्याची वेदना ओळखावी असे म्हणायचे आणि वर्गात मात्र त्याच्यासारखीच मुले बसवायची, हा विरोधाभास आहे. दिल्लीतील खासगी शाळांत गरीब घरच्या मुलांना राखीव प्रवेश मिळू लागल्यावर गौतम राव या अर्थतज्ज्ञाने तेथील सधन मुलांचा अभ्यास केला. तो २०१९ मध्ये प्रसिद्ध झाला. गरीब सहाध्यायी लाभलेली सधन मुले अधिक उदार झाली, गरिबांबाबतचा त्यांचा भेदभाव कमी झाला आणि अभ्यासात त्यांचे म्हणण्यासारखे नुकसान झाले नाही. शिक्षण हक्क कायद्यातील २५ टक्के राखीव जागांकडे या दृष्टीने पाहायला हवे. फेब्रुवारी २०२४ मध्ये राज्य शासनाने सरकारी शाळेपासून एक किलोमीटरच्या आतील खासगी शाळांना या जागांतून सूट दिली होती. मुंबई उच्च न्यायालयाने जुलै २०२४ मध्ये ती रद्द ठरवली. तो निकाल फक्त गरीब मुलांच्या हिताचा नव्हता. ज्यांच्या शेजारी ती मुले बसली, त्यांच्याही हिताचा होता.

आता अडथळ्यांकडे वळू. पहिला अडथळा कायद्याचा आहे. शिक्षण हक्क कायद्यातील ‘बालक’ सहा ते चौदा वर्षांचे आहे. शारीरिक शिक्षा आणि मानसिक छळ यांना मनाई करणारे त्यातील कलम याच बालकासाठी आहे. तीन वर्षांवरील मुलांबाबत शासनाने ‘आवश्यक व्यवस्था करावी’ एवढेच ११ वे कलम सुचवते. म्हणजे ज्या वयात भीतीचा ठसा सर्वांत खोल उमटतो, त्या वयाचे मूल या संरक्षणाच्या बाहेर राहते. शहरांतील ले-आउटमधल्या बंगल्यांच्या तळमजल्यावर चालणाऱ्या नर्सरी आणि केजीच्या वर्गांवर वर्षानुवर्षे कोणाचेच नियंत्रण नव्हते. २०२५ मध्ये शालेय शिक्षण विभागाने खासगी पूर्वप्राथमिक वर्गांना पोर्टलवर माहिती नोंदवायला सांगितले, हे पाऊल स्वागतार्ह आहे. पण नोंदणीने वर्गांची संख्या कळते, त्यांच्या आत काय चालते ते कळत नाही.

दुसरा अडथळा अंगणवाडीतला आहे. राज्यात सुमारे १ लाख १० हजार अंगणवाड्या आहेत आणि सेविकेच्या दिवसाची सुरुवात पोषण आहाराने होऊन शेवट मोबाइलमधील नोंदींनी होतो. लसीकरण, गरोदर मातांच्या भेटी, सर्वेक्षणे ही कामे तिच्याकडे असतातच. २०२४ मध्ये ‘लाडकी बहीण’ योजनेचे अर्ज भरण्याचे कामही तिला देण्यात आले. २०२३ च्या अर्थसंकल्पात तिचे मानधन ८,३२५ रुपयांवरून १०,००० रुपये करण्याची घोषणा झाली. तरीही डिसेंबर २०२३ पासून दीड महिन्याहून अधिक काळ तिला संपावर जावे लागले. पुढे मानधन आणखी वाढले, पण ते आजही वेतन नव्हे, मानधनच आहे. सर्वोच्च न्यायालयाने २५ एप्रिल २०२२ च्या निकालात अंगणवाडीतील तीन ते सहा वयोगटाचे काम हे शैक्षणिक कार्य असल्याचे मान्य करून सेविकांचा ग्रॅच्युइटीचा हक्क उचलून धरला. न्यायालयाला ती शिक्षिका दिसली. प्रशासनाला मात्र ती अजून हाताशी असलेली कर्मचारीच वाटते. शैक्षणिक धोरणाने बारावी झालेल्या सेविकेसाठी सहा महिन्यांच्या प्रमाणपत्र अभ्यासक्रमाचे आश्वासन दिले होते. ‘पोषण भी पढाई भी’ या मे २०२३ मधील कार्यक्रमातून सेविकांच्या वाट्याला मात्र काही दिवसांची प्रशिक्षणे आली.

तिसरा अडथळा आपल्या घरातला आहे. चौथ्या वर्षी मूल लिहीत नाही, म्हणून पालक अस्वस्थ होतात आणि बालवर्ग चालवणारे त्यांच्या अस्वस्थतेवर चालतात. ‘असर’च्या त्याच पाहणीत पहिलीतल्या दर पाच मुलांपैकी एक मूल अवघे चार-पाच वर्षांचे आढळले होते. ही घाई समजण्यासारखी आहे. ज्या कुटुंबातले मूल पहिल्यांदाच इंग्रजी शाळेत जाते आहे, त्या कुटुंबाला वहीतील ओळी हा शुल्काचा एकमेव दृश्य पुरावा वाटतो. अशा पालकांना उपदेश करून भागणार नाही. जे मूल वाट पाहू शकते, चुकल्यावर पुन्हा प्रयत्न करते आणि न घाबरता प्रश्न विचारते, तेच पुढे अक्षरेही लवकर शिकते, हे त्यांना वर्गात बोलावून प्रत्यक्ष दाखवावे लागेल. सेवाग्रामच्या महात्मा गांधी वैद्यकीय संस्थेच्या सहभागाने ‘आरंभ’ उपक्रमात यवतमाळसारख्या जिल्ह्यांत अंगणवाडी पातळीवर जे पालक मेळावे झाले, त्यांनी हा मार्ग विदर्भातच आखून दिला आहे.

आणखी एक धोका नव्याने डोकावतो आहे. भावना हा अभ्यासक्रमाचा भाग झाला, की त्याची पुस्तिका निघते, पुस्तिकेचे गुण येतात आणि ‘सहानुभूती : ब श्रेणी’ अशी नोंद प्रगतिपत्रकात पडते. लाजाळू मूल ‘असामाजिक’ आणि चळवळे मूल ‘समस्याग्रस्त’ ठरायला मग वेळ लागत नाही. राष्ट्रीय आराखड्याने या लहान वयासाठी परीक्षा आणि चाचण्या अयोग्य मानल्या आहेत, त्या भावनांच्या बाबतीत तर शतपटीने अयोग्य आहेत. ‘असर’ने विचारलेला प्रश्न संपूर्ण व्यवस्थेची नाडी पाहण्यासाठी होता, एकेका मुलावर शिक्का मारण्यासाठी नव्हता, हा भेद विसरता कामा नये.

मग करायचे काय? राष्ट्रीय बालशिक्षण धोरणाने २०१३ मध्येच तीन ते सहा वयोगटासाठी वीस मुलांमागे एक मोठे माणूस हे प्रमाण सांगितले आहे. खासगी वर्गांच्या नोंदणीची ती पहिली अट व्हावी आणि मोठ्या अंगणवाड्यांतही ती पाळली जावी. अंगणवाडीचे सकाळचे तीन तास मुलांसाठी राखून ठेवावेत. त्या वेळेत सेविकेला अर्ज, बैठका आणि नोंदी यांसाठी बोलावू नये. वर्षातून एकदा मोठे प्रशिक्षण देण्याऐवजी दरमहा दहा-बारा सेविकांनी एकत्र बसून आपापल्या वर्गातील प्रसंगांची चर्चा करावी आणि अनुभवी पर्यवेक्षिकेने वर्गात बसून मार्गदर्शन करावे. विदर्भात उन्हामुळे शाळा जूनच्या अखेरीस उघडतात. त्यानंतरचे पहिले दोन आठवडे पालकांना वर्गात येऊ द्यावे आणि मुलाचा वेळ हळूहळू वाढवावा. शिक्षेला मनाई करणारी तरतूद तीन वर्षांपासून लागू होईल अशी दुरुस्ती कायद्यात व्हावी. यातील बहुतेक गोष्टींना नवी योजना लागत नाही, इमारत लागत नाही. प्राधान्यक्रम बदलावा लागतो.

तणावाखाली वावरणारी, अपमान गिळणारी आणि महिनाअखेरीची चिंता करणारी स्त्री मुलांना शांत राहायला शिकवू शकत नाही. मोठ्या माणसाचा आवाज, त्याचा संयम आणि त्याची नजर यांवरूनच मूल जग सुरक्षित आहे की नाही हे ताडते. नागपूर जिल्ह्यातील मुलांना २०१९ मध्ये चेहऱ्यांची चित्रे दाखवून भावना ओळखायला सांगितले गेले. ती मुले रोज एक खराखुरा चेहरा वाचत असतात, तो त्यांच्या ताईंचा. त्या चेहऱ्यावर काय दिसावे, हे ठरवण्याचे काम मात्र मुलांचे नाही. ते जिल्हा परिषदेचे, महापालिकेचे, राज्य शासनाचे आणि शाळा निवडताना फक्त वही पाहणाऱ्या आपणा पालकांचे आहे.